शुगरसाठी पोटाचं ऑपरेशन: अक्काला काय सांगू?

वेदगंगा (धागाकर्ता)

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझी थोरली बहीण, आम्ही अक्का म्हणतो. वय ४७, उंची १५७ सेंटीमीटर, वजन ९८ किलो. बेळगावात टिळकवाडीत तिची खानावळ आहे, कॉलेजची पोरं आणि बँकेतले दोन-चार सडेफटिंग जेवायला असतात. शुगर निघाली त्याला नऊ वर्षं झाली. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन असं तिन्ही चालू आहे, तरी गेल्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.४ आली. डॉक्टरांनी इन्सुलिनचं नाव काढलं आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता.

त्यात मागच्या रविवारी एका मंगल कार्यालयात मोफत मधुमेह शिबिर झालं. कुठल्या हॉस्पिटलचं ते सोडा. पडद्यावर आधीचे फोटो, नंतरचे फोटो, आणि शेवटी "एक ऑपरेशन, शुगर कायमची बंद". वर महिनाअखेरपर्यंत नाव घातलं तर सवलत. साड्यांच्या सेलसारखं! दाजी तिथल्या तिथं तयार. आई निपाणीहून फोनवर म्हणते, पोट कापून कोण बारीक होतंय व्हय, चालायला लावा तिला. भाचा म्हणतो आता इंजेक्शन आलंय, कापाकापी कशाला. मी मधल्यामधी लटकलोय.

ऑपरेशन करून घेतलेलं कोणी आहे का इथं? आणि पथ्य-व्यायाम-गोळ्यांवर शुगर खरोखर घालवलेलं कोणी? ऐकीव नको, स्वतःचं सांगा.

टिळकवाडीचा म्हातारा

ऐकीव नको म्हणालात तरी सांगतो. आमच्या गल्लीत एकानं केलं, वर्षात तोंड असं बसलं की लोक आजारी समजून बघायला यायचे. त्या भानगडीत पडू नका. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारायला लावा, भात बंद, ज्वारीची भाकरी सुरू. आमच्या वेळी हे रोग नव्हते.

भाकरी ठेचा

काका, तुमच्या वेळी रक्त तपासायला कोण जात होतं?

मलप्रभाकाठ

मी केलंय. २०१९ साली, पुण्यात, स्लीव्ह. तेव्हा वय ४६, वजन १२४, उंची १७०. शुगर चार वर्षांची, एचबीए१सी ८.८. सगळं मिळून साडेतीन लाख गेले, त्यातले दीड सोसायटीचं कर्ज. मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर आहे, त्यामुळं कर्जाचं आधी सांगितलं.

स्लीव्ह म्हणजे जठराचा साधारण पाऊण भाग, थोडा जास्तच, कापून काढतात. उरतो तो केळ्यासारखा उभा नळीचा तुकडा. दुर्बिणीतून होतं, पाच-सहा छोटी भोकं. तिसऱ्या दिवशी घरी आलो. दुखणं मला तरी फार नव्हतं. खरं काय ते पुढं सुरू झालं.

पहिले दोन आठवडे पाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, ताक. तेसुद्धा घोट घोट, औषधाच्या झाकणानं मोजून. मग पातळ, मग मऊ. एकविसाव्या दिवशी इडली मिळाली. बायकोनं एका इडलीचे चार भाग केले. एक भाग खायला मला पंचवीस मिनिटं लागली. दुसरा तोंडात घातला आणि छातीत दगड बसला. उठून न्हाणीत गेलो, सगळं बाहेर. परत येऊन ताटलीतले उरलेले दोन भाग बघत बसलो. ज्या माणसानं लग्नाच्या पंगतीत सतरा पुऱ्या खाल्ल्यात, त्याला पाव इडली जड झाली. हसू पण आलं आणि रडू पण.

शुगरचं मात्र नवल झालं. घरी आलो त्याच आठवड्यात गोळ्या बंद केल्या, वजन चार किलोही उतरलं नव्हतं. चौदा महिन्यांत ८४ किलो, एचबीए१सी ५.६, एकही गोळी नाही. चौथ्या महिन्यात केस एवढे गेले की फणी बघवत नव्हती, ते नंतर आले. छातीत जळजळ सुरू झाली, ती मात्र गेली नाही. स्लीव्हनंतर पित्त वर येणं वाढतं हे मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. ज्यांना मुळातच जळजळ आहे त्यांनी हे सर्जनला खोदून विचारावं.

आणि आता खरं सांगतो, शिबिरात कुणी सांगणार नाही ते. आज माझं वजन ९६ आहे. चार वर्षं गोळीशिवाय काढली, गेल्या वर्षी एचबीए१सी ६.८ झाली आणि मेटफॉर्मिन परत आलं. का? जठर लहान झालं तरी चहा, खारी, शेव, कुंदा हे काही अडकत नाही त्यात. भाकरी अडकते, कुंदा घसरतो. दर तासाला थोडं थोडं करत मी परत चढलो.

तरी उद्या कुणी विचारलं तर परत करीन म्हणेन. १२४ किलोचा मी शाळेच्या दोन पायऱ्या चढून वर्गात गेलो की हजेरी घ्यायला दम नसायचा.

कडोलीची भाजी

गुरुजी, राग मानू नका, पण शेवटी तोंडावर ताबा नाही तर पोट कापून काय उपयोग झाला? मी कापाकापी न करता केलंय. वय ४१, वजन ८८, एचबीए१सी ८.१, शुगर निघून दीड वर्षं झालं होतं. आमच्या डॉक्टरांनी आधी ग्लिमेपिराइड बंद केली आणि मग बारा आठवडे दिवसाला ८०० ते ८५० कॅलरी. सकाळी ताक आणि दोन अंड्यांचं पांढरं, दुपारी मुगाचं कढण, संध्याकाळी भाजीचा मोठा वाडगा आणि थोडं पनीर. भाकरी नाही, भात नाही, चहात साखर नाही. पहिले दहा दिवस डोकं दुखलं, बायको-पोरांवर ओरडलो. शेतात कोबी तोडताना चक्कर आली म्हणून एक दिवस मोडला. नंतर भूकच मेली म्हणा ना. १५ किलो उतरले. आता वर्ष झालं, गोळी नाही, एचबीए१सी ५.९.

मनावर घेतलं तर होतंय. ऑपरेशन हे आळशी लोकांचं काम.

मलप्रभाकाठ

अभिनंदन. एक वर्ष झालंय ना? मी चौथ्या वर्षापर्यंत असंच बोलत होतो.

आणि आळशी म्हणालात ते मागं घ्या. ऑपरेशनच्या आधी मी पाच वेळा वजन उतरवलं होतं, एकदा तर एकवीस किलो. पाचही वेळा व्याजासकट परत आलं.

टिळकवाडीचा म्हातारा

म्हणून म्हणतो, डेपोत फेऱ्या.

स्टेथो

गुरुजींना आळशी म्हणणं बरोबर नाही, त्याचं कारण आधी सांगतो. मी फिजिशियन आहे, सर्जन नाही, कुठल्या शिबिराशी माझं देणंघेणं नाही.

वजन उतरलं की शरीर दुष्काळ पडलाय असं समजतं. भुकेचं संप्रेरक घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचे निरोप मंदावतात, बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरी कमी होतात. हे महिना-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं चालतं. इथंच ऑपरेशनचा फरक पडतो. स्लीव्हमध्ये घ्रेलिन बनवणारा जठराचा भागच जातो. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलीची पिशवी ठेवून तिला लहान आतडं खालून आणून जोडतात, त्यामुळं अन्न आतड्याचा पहिला भाग टाळून पुढं उतरतं. दोन्हीत जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवणारं संप्रेरक जेवल्यावर कितीतरी पट वाढतं. अमेरिकेत वॉल्टर पोरिस या सर्जननं १९९५ साली आपल्या बायपासच्या रुग्णांचा अहवाल छापला तेव्हा हेच लोकांना खरं वाटेना, की वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत शुगर खाली येते.

पण त्याचा दुसरा अर्धा भाग कडोलीकरांच्या बाजूचा आहे. न्यूकासलच्या रॉय टेलर यांनी विचारलं, ऑपरेशननंतर माणूस मुळात काही खातच नाही, मग नुसतं तेवढंच करून बघितलं तर? त्यातून पुढं 'डायरेक्ट' नावाची चाचणी झाली, २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींची पावडरीची पेयं, तीन ते पाच महिने. वर्षानं १४९ पैकी ६८ जण औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत ८६ टक्के. कडोलीकर, तुम्ही बरोब्बर त्याच खात्यात आहात.

आता पुढचं पान. दोन वर्षांनी १४९ पैकी ५३. पाच वर्षांनी ज्या ८५ जणांची माहिती मिळाली, त्यांत ११. बाकीच्यांना फायदा झाला नाही असं नव्हे, पण शुगर परत आली. आणि चाचणीत घेतानाच अट होती, शुगर सहा वर्षांच्या आतली हवी आणि इन्सुलिन नको. अक्काची नऊ वर्षांची आहे.

ऑपरेशन आणि औषध थेट समोरासमोर लावलेली चाचणी म्हणजे क्लीव्हलँड क्लिनिकची 'स्टॅम्पीड'. १५० रुग्ण, सुरुवातीची एचबीए१सी सरासरी ९.२, म्हणजे अक्कासारखीच मंडळी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले: नुसते उत्तम औषधोपचार, बायपास, स्लीव्ह. ध्येय कडक होतं, एचबीए१सी ६.० किंवा खाली. २०१२ साली एक वर्षाचे आकडे आले: औषधवाले १२ टक्के, बायपास ४२, स्लीव्ह ३७. २०१७ साली पाच वर्षांचे आले: औषधवाले ३८ पैकी २, बायपास ४९ पैकी १४, स्लीव्ह ४७ पैकी ११.

हे आकडे दोन्हीकडून वाचा. औषधापेक्षा ऑपरेशन किती सरस आहे हे दिसतंच. पण "कायमची बंद" म्हणणाऱ्याला विचारा, बायपासच्या ४९ पैकी ३५ जण पाच वर्षांनी त्या रेषेच्या वर का होते? मात्र ते ३५ फुकट गेले असंही नाही. ऑपरेशनच्या गटांत एचबीए१सी सरासरी २.१ नं खाली राहिली, औषधांच्या गटात ०.३ नं. नऊची सात होणं म्हणजे डोळे आणि किडनीच्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे. त्याला बरं होणं म्हणत नाहीत, एवढंच.

याच चाचणीत दिसलं की शुगर आठ वर्षांच्या आतली असेल तर ध्येय गाठायची शक्यता जास्त. गुरुजींची चार वर्षांची होती. लोक आमच्याकडं ऑपरेशनचं विचारायला येतात ते सगळं करून थकल्यावर, पंधराव्या वर्षी, इन्सुलिनवर. तोवर स्वादुपिंड रिकामं झालेलं असतं. अक्का सीमेवर आहे. (आपल्याकडं सगळंच सीमेवर असतं म्हणा.)

कडोलीची भाजी

आळशी शब्द मागं घेतला गुरुजी. ८५ पैकी ११ वाचून पोटात गोळा आला.

स्टेथो, मग चालणं-बिलणं सगळं फुकटच का?

स्टेथो

नाही. अमेरिकेत 'लूक अहेड' नावाची चाचणी झाली, ५,१४५ मधुमेही, निम्म्यांना आहार-व्यायामाचं जोरदार मार्गदर्शन, साडेनऊ वर्षांच्या वर. पहिल्या वर्षी वजन ८.६ टक्के उतरलं, शेवटी ६ टक्क्यांवर टिकलं. हार्ट अटॅक आणि लकवा यांत फरक पडला नाही म्हणून २०१२ साली चाचणी आटोपती घेतली. पण गुडघे, झोपेतलं घोरणं-गुदमरणं, मूत्रपिंडं, औषधांचा खर्च, हे सगळं सुधारलं. औषधाशिवाय शुगर ताब्यात मात्र वर्षानं ११.५ टक्के आणि चौथ्या वर्षी ७.३ टक्के लोकांचीच. चालण्यानं माणूस बरा राहतो, नऊ वर्षांची शुगर जात नाही.

भाकरी ठेचा

भाच्याच्या इंजेक्शनबद्दल मी सांगतो, कारण सहा महिने मीच टोचून घेतोय. मौंजारो नावाचं हे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये आपल्याकडं आलं. तेव्हाचा भाव लहान डोसची कुपी ३,५००, पुढची ४,३७५. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५००. मी ११ किलो उतरलोय, एचबीए१सी ८.६ वरून ६.७. पहिला महिनाभर सकाळी मळमळ, फोडणीचा वास आला की गॅलरीत पळायचो. काम करतंय, खोटं बोलणार नाही.

पण कंपनीच्या चाचण्यांत मधुमेह असलेल्यांचं वजन ७२ आठवड्यांत सरासरी १३ ते १५ टक्के उतरलं, मधुमेह नसलेल्यांपेक्षा कमीच. आणि थांबवलं की परत चढतं. दर महिन्याचा हप्ता आहे हा, गाडीचा फिटतो तरी.

ऑपरेशनचं म्हणाल तर विमा बघा. विमा नियामकाच्या ठरलेल्या शब्दांप्रमाणं बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४० किंवा वर, नाहीतर ३५ किंवा वर आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा हृदयविकार असेल, कमी त्रासाचे उपाय करून झाले असतील आणि डॉक्टरांनी सांगितलेलं असेल, तर नुसतं वजनाचं ऑपरेशन म्हणून नाकारता येत नाही. अक्काचा बीएमआय मी काढला, ३९.८. बसते. पण शुगर पॉलिसीआधीची असेल तर तीन वर्षांपर्यंतची वाट पाहण्याची मुदत संपली का ते पानावर बोट ठेवून वाचा. जुन्या कागदांवर गोळ्या कधीपासून चालू आहेत ते लिहिलेलं हवं, तोंडी चालत नाही.

आणि एक. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा संमतीपत्र आलं कन्नड आणि इंग्रजीत. आईला मराठीशिवाय काही वाचता येत नाही. सिस्टर म्हणाली इथं सही करा. आईनं केली. मी पोचेपर्यंत आत नेलं होतं. तुम्ही तसं करू नका. कुणीतरी बसून ओळ न् ओळ मराठीत सांगायला हवी, त्यात काय काय बिघडू शकतं तेसुद्धा.

टिळकवाडीचा म्हातारा

माणूस दगावतो का त्यात? ते सांगा की आधी.

स्टेथो

सरावाच्या हातांत हजारी एक ते तीन. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. शिवण गळणं, रक्तस्राव, पायात गुठळी हे पहिल्या काही दिवसांतले धोके. ताप, नाडी जोरात, पोटात-खांद्यात दुखणं, यातलं काही झालं तर घरी लिंबूपाणी देत बसायचं नाही, जिथं ऑपरेशन झालं तिथं जायचं. म्हणून मी विचारतो, रात्री दोन वाजता तुम्ही किती वेळात पोचाल? स्वस्तात मिळतं म्हणून दूरच्या शहरात करून येतात आणि उलट्या सुरू झाल्या की इथल्या दवाखान्यात, जिथं कुणी बायपासचं पोट पाहिलेलं नसतं.

वेदगंगा

काल अक्काकडं जाऊन आलो, धागा मोबाईलवर उघडून दिला. म्हटलं वाच. "माझ्यावर एवढी चर्चा? ठेव तिथं, पोरांचं जेवण होऊ दे," म्हणाली. खालचं तिनं स्वतः सांगितलंय, मी टंकलंय. टंकताना बदलायचं नाही अशी तंबी आहे.

वेदगंगा (अक्काच्या तोंडून)

सगळ्यांना नमस्कार. वाचायला दोन रात्री लागल्या.

पहिलं म्हणजे नऊ वर्षांत मला सगळ्यांनी काय खायचं ते सांगितलं. कधी खाता, हे कुणी विचारलं नाही. पहाटे पाचला उठते. सहाला चहा, चवीला चहा, दूधवाला आला की चहा. दुपारी एकपर्यंत आमटीचं मीठ बघ, भाजीचं तिखट बघ, चमचा चमचा करून एक ताट पोटात जातंय की. तीनला भूक नसते. रात्री पोरं उठली की साडेदहाला बसते तेव्हा उरलेला भात असतो, तो टाकवत नाही, म्हणून खाते. मग झोपते. व्हॅक्सिन डेपोत फेऱ्या मारायला मी कधी जाऊ काका, तुम्हीच सांगा. दिवसभर उभीच असते मी.

दुसरं. ऑपरेशन झाल्यावर मी चव कशी घेणार? खानावळ तीन आठवडे कोण बघणार? आमचे हे बघतो म्हणालेत, त्यांना कुकरची शिट्टी कळत नाही.

तिसरं, माझे गुरुवार आणि संकष्टी असते. ते चालेल का?

चौथं बारक्याला लिहायचं नव्हतं पण मी लिहायला लावलंय. मला मिश्रीची सवय आहे. निपाणीत लहानपणी आजीच्या डबीतून लागली. दिवसातून तीन-चार वेळा. डॉक्टरांना मी हे कधी सांगितलं नाही.

मलप्रभाकाठ

अक्का, चव घेता येते. जिभेवर घेऊन थुंकायची, हॉटेलातले आचारी तसंच करतात. मला सवय व्हायला दोन महिने लागले. पण तुमच्यासारखं मोजून सांगणारं मी तरी कुणी बघितलं नाही.

स्टेथो

अक्का, तुम्ही लिहिलंत ते वर आलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा माझ्या कामाचं आहे.

मिश्रीपासून सुरू करतो. तंबाखू जळलेली असो, भाजलेली असो, हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातंच. बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण पडायचं मोठं कारण तंबाखू. दुसरं कारण अंगदुखीच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, ब्रुफेन. दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईला गुडघे दुखतात, मेडिकलवाला काउंटरवरून पुडी बांधून देतो. बायपास केलेल्यानं ती घ्यायची नाही, कधीच. मिश्री सुटली नाही तर चांगला सर्जन तारीखच देणार नाही, आणि देत असेल तर मला शंका येईल.

उपास. सध्या तुम्ही डापाग्लिफ्लोझिन घेताय. या गोळीवर निर्जळ किंवा कडकडीत उपास केला, उलट्या झाल्या किंवा एकदम भाकरी-भात तोडला तर रक्तात आम्ल साठू शकतं, तेही शुगर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही. ऑपरेशनच्या आधीही ही गोळी किमान तीन दिवस बंद करतात. आणि ग्लिमेपिराइडवर उपाशी राहिलात तर शुगर एकदम खाली येऊन चक्कर. कडोलीकरांचं बघून कोणी उद्यापासून कढणावर राहणार असेल तर आधी गोळ्यांचा कागद डॉक्टरांसमोर ठेवा. त्यांच्या डॉक्टरांनी नेमकं तेच आधी केलं होतं.

ऑपरेशननंतर प्रथिनं दिवसाला निदान ६० ग्रॅम लागतात, आणि पोट वाटीएवढं. साबुदाण्याला त्यात जागा नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभर. कॅल्शियम आणि लोह एकत्र नाही, दोन तासांचं अंतर. तुम्ही नऊ वर्षं मेटफॉर्मिनवर आहात, त्यानंही बी-१२ उतरतं, म्हणजे ती तपासणी आत्ताच करा, ऑपरेशन होवो न होवो. दाजींनी या गोळ्यांचा महिन्याचा खर्चही धरावा, शिबिरात तो पडद्यावर नव्हता.

आणि उपाशीपोटी सी-पेप्टाइडची रक्ततपासणी करून घ्या. स्वादुपिंडात किती दम उरलाय ते कळेल.

वेदगंगा

रिपोर्ट आले. सी-पेप्टाइड २.६. बी-१२ आहे १४८, खाली लाल अक्षरात. पायाला मुंग्या येतात म्हणून ती दोन वर्षं सांगत होती, आम्ही सगळे शुगरच्या नावानं सोडून देत होतो.

स्टेथो

मुंग्यांत शुगरचा वाटा असेलच, पण बी-१२ ची इंजेक्शनं लगेच सुरू करा.

सी-पेप्टाइड वाईट नाही. तैवानच्या ली यांनी एक साधं कोष्टक केलंय: वय, बीएमआय, सी-पेप्टाइड, शुगर किती वर्षांची, मिळून दहापैकी गुण. वय चाळिशीच्या वर म्हणून शून्य, बीएमआयला दोन, सी-पेप्टाइडला एक, आठ वर्षांच्या वर म्हणून शून्य. अक्काला तीन. औषधं पूर्ण सुटण्याची आशा कमी, औषधं कमी होऊन एचबीए१सी सातच्या आसपास येण्याची चांगली. बीएमआय ३५ च्या वर असेल तर २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणं ऑपरेशन सुचवायला हरकत नाही, आपल्या आशियाई बांध्यासाठी तर ती रेषा २७.५ वर आणली आहे. म्हणजे मी नको म्हणत नाही. मी सवलतीच्या तारखेला नको म्हणतो. तीन महिने घ्या. एवढ्यात इन्सुलिन किंवा आठवड्याचं इंजेक्शन यांतलं काही लागलं तर घ्या, इन्सुलिन म्हणजे शेवट नव्हे. मिश्री सोडा, जेवणाची वेळ बदला, सर्जनला दोनदा भेटा. तिसऱ्या महिन्यात तुम्ही ठरवा. दाजींनी नाही, भावानंही नाही.

टिळकवाडीचा म्हातारा

खानावळ कुठं आहे तुमची? दुपारी तीनला मी रिकामाच असतो. फेऱ्या डेपोतच मारायच्या असं काही नाही, काँग्रेस रोडनं एक चक्कर मारू.

वेदगंगा (अक्काच्या तोंडून)

काका, या. तीनला नको, साडेतीनला. भांडी होऊ देत.

जेवायची वेळ बदलली. पोरांच्या आधी सातला बसते, एक भाकरी, उसळ, ताक. पोरांना सांगितलं, मी जेवल्याशिवाय ताट मिळणार नाही. ऐकतात. रात्रीचा भात आता कमीच लावते, उरला तर गाईला.

सर्जनची वेळ पुढच्या मंगळवारची घेतलीय, दुसऱ्याच एका ठिकाणी, शिबिरवाल्यांकडं नाही. त्यांचे रोज फोन येतात, आज तारीख आठवड्यानं वाढवून दिलीय म्हणे. इन्सुलिन कालपासून सुरू केलं, रात्री दहा युनिट. सुई मुंगी चावल्याएवढी पण नाही, उगाच घाबरून टाळलं.

मिश्रीची डबी ह्यांनी लपवलीय. कुठं लपवलीय ते मला माहीत आहे, अजून तिकडं गेले नाही.